आवक-शिक्क्याची आठवण

२०२४ च्या ऑगस्टचा पहिला आठवडा. पारशिवनीकडे धानाची रोवणी अजून उरकायची होती, आणि गावातल्या एका सेवा केंद्रापुढे बायकांची रांग लागली होती. ‘लाडकी बहीण’चा अर्ज भरायचा होता. आत संगणकाच्या पडद्यावर एक चक्र गोल गोल फिरत होते.

‘झाला का जी फॉर्म?’

‘नाही मावशी, फिरूनच रायलं.’

‘माही आजची मजुरी गेली, बाप्पा!’

हे चक्र आपल्या ओळखीचे आहे. २०१७ मध्ये कर्जमाफीचे अर्ज ऑनलाइन भरताना शेतकऱ्यांनी ते रात्र रात्र पाहिले. १५ सप्टेंबरची मुदत शेवटी २२ पर्यंत वाढवावी लागली.

अशा वेळी आपण ‘नेट’ला शिव्या देतो. काही वेळा त्या रास्तही असतात. मोबाईलवर काढलेला चार-पाच एमबीचा फोटो गावाकडच्या नेटवरून चढायला वेळ लागतोच. तो आधी लहान करून घेतला तर बरेच काम हलके होते. पण खरी अडचण बहुधा पलीकडे असते. पलीकडचा सर्व्हर एका वेळी ठरावीक अर्जच हाताळू शकतो, बाकीचे ताटकळतात. त्यात प्रत्येक अर्जासाठी तो कधी आधारच्या, कधी बँकेच्या यंत्रणेला विचारत बसला, तर रांग आणखी तुंबते.

जुन्या तहसील कचेरीतला आवक-कारकून आठवतो? तो तुमचा सातबारा तपासत बसत नसे. अर्ज घेई, शिक्का मारी, क्रमांक टाकी आणि पोच हातात देई. छाननी नंतर, टेबलाटेबलावर. आपण मात्र पोच घेऊन एसटी गाठायचो. संकेतस्थळालाही हेच करता येते: आधी अर्ज जमा करून क्रमांक द्यायचा, तपासणी मागाहून करायची. संगणकाच्या धंद्यात ही रीत जुनी आहे. ती न वापरता माणसाला चक्रापुढे बसवून ठेवणे हा मला निव्वळ आळस वाटतो.

आणखी एक गंमत आहे. पडदा थकून ‘पुन्हा प्रयत्न करा’ म्हणतो, तेव्हा पलीकडे अर्ज नोंदला गेलेलाही असू शकतो. हरवलेली असते ती फक्त पोच. अशा वेळी दुसऱ्यांदा बटण दाबले तर कधी अर्ज दुबार होतो, आणि रांग तर नक्कीच वाढते.

केंद्रातल्या पोराला हे अनुभवाने ठाऊक होते. त्याने बटणावरचा हात काढला, थोडा वेळ जाऊ दिला आणि आधी अर्जाची स्थिती पाहिली. अर्ज गेलेला होता.

‘कागदावर काही लिहून द्या जी,’ मावशी म्हणाल्या.

त्याने चिठ्ठीवर क्रमांक लिहून दिला. मावशींनी तो पदराच्या गाठीत बांधला आणि उरलेल्या अर्ध्या दिवसाची रोवणी मिळते का ते पाहायला निघाल्या.