आजीचं नाव, नातवाचा फड

पुण्यातल्या आयटीवाल्यांना येडगाव माहीत असतं ते धरणाच्या पाण्यामुळे. शनिवारी सकाळी गाडी काढायची, नाशिक हायवेला लागायचं, नारायणगावात मिसळ हाणायची आणि पुढे कुकडीकाठी फोटोसेशन! पण गुढीपाडव्याच्या सुमारास जाणार असाल, तर नारायणगावातच जरा रेंगाळा.

त्या दिवसांत तिथं तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे यात्रा कमिटीवाले येतात, घासाघीस करतात आणि जत्रेची सुपारी देऊन जातात. (सुपारी म्हणजे इथं बुकिंग. घाबरू नका.) मला या सगळ्यात भारी वाटतात ते फडांचे बोर्ड. त्यातला एक, 'विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर'. विठाबाई 15 जानेवारी 2002 ला गेल्या. त्यांच्या नावाचा हा फड आज चालवतात त्यांचे नातू मोहित नारायणगावकर.

हे नाव सावकाश वाचा. विठाबाईंचे आजोबा नारायण खुडे, शिरूर तालुक्यातल्या कवठे यमाईचे. घरच्या फडाची सुरुवात त्यांची. पुढे वडील भाऊ आणि काका बापू यांनी तो 'भाऊ-बापू' नावाने गाजवला. विठाबाईंनी वडिलांचं नाव मिरवलं आणि जातही. आपल्या ऑफिसात आडनावावरून जात कळू नये म्हणून जपणारे किती तरी जण असतात. इथे ती बोर्डावर ठळक अक्षरांत आहे, आणि नातवानेही ती पुसलेली नाही. आजीचा मान राखणं म्हणजे मला तरी हेच वाटतं.

विठाबाईंचा तो किस्सा तुम्ही ऐकला असेल. नऊ महिने भरलेले, खेळ चालू, कळा आल्या. त्या पडद्यामागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि परत बोर्डावर उभ्या राहिल्या. आपण हे 'काय डेडिकेशन!' म्हणून सांगतो. मला मात्र त्यात पोट दिसतं. 1957 आणि 1990 अशी दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते दाद मिळालेल्या या बाईचं हॉस्पिटलचं बिल शेवटी देणग्यांतून भागवावं लागलं. 2006 मध्ये राज्य सरकारने तमाशातल्या जीवनगौरव पुरस्काराला त्यांचं नाव दिलं. पुढे तो त्यांची लेक मंगला बनसोडे यांनाही मिळाला. मंगलाताईंच्या फडात मुलगा नितीनकुमार सोबतीला आहे, म्हणजे तिथंही नातू आलाच.

पण नुसत्या नावावर गाडा चालत नाही. ट्रक, तंबू, जनरेटर, कलाकारांना द्यायची उचल, हे सगळं आधी उभं करायचं आणि चैत्र-वैशाखाच्या जत्रांत वसूल करायचं. 2020 चा पाडवा आठवतोय? 25 मार्च, लॉकडाऊनचा पहिलाच दिवस! तो हंगाम बुडाला, 2021 चाही बुडाला. तरी फड पुन्हा बाहेर पडले.

विठाबाईंवर हिंदी सिनेमा येतोय, श्रद्धा कपूरचा. तो आपण मल्टिप्लेक्समध्ये बघूच. पण त्याआधी एखाद्या जत्रेत तिकीट काढून खेळ बघा. गण, गौळण, बतावणी होते, गाण्यांना शिट्ट्या पडतात आणि वग सुरू झाला की निम्मं पब्लिक उठतं. तुम्ही उठू नका.