हातचं दही, आणि बाटणं म्हणजे काय

आज एका दह्याच्या भांड्यापासून सुरुवात करू. उत्तर इराकच्या दुहोक भागात याझिदी कुटुंबं दही, चीज विकायला आणतात. गिऱ्हाईक येतं, भाव विचारतं, माल कुणाच्या घरचा हे कळतं आणि पुढं निघून जातं. शिवी नाही, मारहाण नाही. मग तक्रार तरी कसली करणार? हातचं न खाणं म्हणजे काय, हे महाराष्ट्राला समजावून सांगायला नको.

यामागे एक समज आहे. याझिदी एकच ईश्वर मानतात. त्यानं जगाचा कारभार सात देवदूतांवर सोपवला आणि त्यांचा प्रमुख ताऊसी मेलेक, म्हणजे मोररूपी देवदूत, अशी त्यांची श्रद्धा. शेजाऱ्यांनी या देवदूताला सैतान ठरवलं, आणि याझिदी झाले 'सैतानाचे पूजक'. गंमत बघा, परंपरेनं 'सैतान' हा शब्द उच्चारणंसुद्धा याझिदींना निषिद्ध!

अशा माणसानं रोज जगायचं कसं? एक वाट लपण्याची. नोकरीत, कॉलेजात धर्म सांगायचा नाही. पोट चालतं, पण बोलताना सतत सावध राहावं लागतं. दुसरी वाट नात्याची. याझिदी मुलाची सुंता पुष्कळदा मुसलमान शेजाऱ्याच्या मांडीवर करतात. तो शेजारी 'किरीव' होतो, दोन घरं आप्त होतात. फार शहाणी रीत. पण 3 ऑगस्ट 2014 ला इसिसनं सिंजारवर हल्ला केला, तेव्हा काही किरीवांनी आसरा दिला आणि काहींनी दगा दिला. हजारो माणसं मारली गेली, 6,000हून अधिक बायका-मुलं पळवली गेली.

दही न घेणारा प्रत्येक जण खुनी होतो, असं मी म्हणत नाही. पण 'ते अपवित्र' हे वाक्य आधीच घरोघर तयार असलं, की मारेकऱ्याला नव्यानं काही पटवावं लागत नाही.

आता खरा मुद्दा. याझिदी नियमाप्रमाणे परधर्मीयाशी संबंध आला, की माणूस समाजाबाहेर जाई. मग इसिसच्या तावडीतून सुटलेल्या बायका बाटल्या म्हणायचं का? धर्मगुरू बाबा शेख यांनी सांगितलं, नाही. त्या आपल्याच आहेत, त्यांना घरी घ्या. लालिशच्या पवित्र झऱ्यावर त्यांना पुन्हा स्नान घालण्यात आलं. कोचो गावची नादिया मुराद स्वतःच्या नावानिशी जगापुढे बोलली. 2018 चं शांततेचं नोबेल तिला आणि डेनिस मुकवेगे यांना मिळालं.

तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस म्हणून मला इथं एक गोष्ट दिसते. जो आपल्याला अपवित्र म्हणतो, त्याला आपला धर्म पटवत बसलो, तर न्यायाधीश तोच राहतो. मान मिळवण्यासाठी श्रद्धा पटवून द्यायची काय गरज? पण शेजाऱ्याची ती फूटपट्टी आपल्याच माणसांना न लावणं, हे आपल्या हातात असतं.

आणि ते किती अवघड! 2019 मध्ये याझिदी धर्मपरिषदेनं स्पष्ट केलं, की बलात्कारातून जन्मलेल्या मुलांना हा स्वीकार लागू नाही. समाज आधीच लहान, याझिदी आई आणि याझिदी बाप असेल तरच मूल याझिदी, ही त्यांची अडचण मला समजते. पण मूल की समाज, ही निवड त्या आईनं का करायची? तिच्या बाजूनं पाहिलं, तर दह्याचं ते भांडं आता घरच्याच उंबऱ्यावर आलंय.