मधल्या काळाचा हिशेब

प्रेशर गेज खरं दाखवतो की नाही, हे डेड वेट टेस्टरवर कळतं. एका बाजूला उभा पिस्टन आणि त्यावर ठेवायच्या गोल चकत्या, दुसऱ्या बाजूला तपासायचा गेज, मध्ये तेलाची बंद वाट. चकत्यांचं वजन आणि पिस्टनचं क्षेत्रफळ माहीत असल्यामुळे तेलात नेमका किती दाब आहे, याबद्दल शंका राहत नाही. हँडव्हील फिरवून पिस्टन तरंगायला लागला की तंत्रज्ञ चकत्यांना हातानं हलकी गिरकी देतो, म्हणजे पिस्टन घर्षणानं अडकत नाही. मग गेजला बोटानं टिचकी मारायची, काटा स्थिर होऊ द्यायचा आणि डोळा काट्याच्या बरोबर समोर आणून आकडा लिहायचा. दाब चढवताना एकदा, उतरवताना पुन्हा एकदा.

नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या एका व्हॉल्व्ह कारखान्यात हे काम चालू होतं. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या या एमआयडीसीत रसायनांच्या आणि औषधांच्या कंपन्यांच्या शेजारीच असे इंजिनिअरिंगचे कारखाने आहेत. खाडीपलीकडे ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. अणुशक्तीनगरात न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशनचं मुख्यालय आहे आणि १९८३ साली स्थापन झालेलं अणुऊर्जा नियामक मंडळही आहे. या कारखान्याचे व्हॉल्व्ह बहुतेक रासायनिक कारखान्यांत जातात, काही वीजकेंद्रांत, आणि काही अणुवीज केंद्रांच्या कामांसाठी.

एक गेज तपासताना पिस्टनवर १५० केजी दाबाची (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १५० किलो) वजनं चढली, तेव्हा काटा १५५ वर होता. शून्य ते ३०० च्या या गेजला चूक चालते ती फार तर तीनची.

"मॅडम, हा गेज वर दाखवतोय."

"किती?"

"पाच केजी."

क्वालिटीच्या मॅडमनी गेजवर लाल टॅग बांधायला सांगितला आणि टेस्ट रजिस्टर मागवलं.

हा गेज हायड्रो टेस्टच्या बेंचवर असायचा. तिथं व्हॉल्व्हची दोन्ही तोंडं बंद करून आत पाणी भरतात, हवा पूर्ण काढून टाकतात आणि पंपानं दाब चढवतात. कारण आत हवा राहिली आणि काही फुटलं, तर दाबलेली हवा लोखंडाचे तुकडे दूरवर फेकू शकते. पाण्याचा दाब मात्र लगेच उतरतो. ज्या दाबावर व्हॉल्व्ह चालायचा, त्याच्या दीडपट दाब देऊन तो ठरलेला वेळ धरून ठेवायचा आणि बॉडी, बॉनेटचा जोड, ग्लँड यांवर कुठं पाणी पाझरतंय का, हे टॉर्च लावून पाहायचं. इथल्या व्हॉल्व्हना १५७ केजी द्यायचे होते. गेजनं १५७ दाखवले, तेव्हा आत १५२ च्या आसपासच होते. म्हणजे कागदावर पास झालेल्या व्हॉल्व्हची ठरलेली परीक्षा प्रत्यक्षात झालेलीच नव्हती.

डिस्पॅचचा माणूस काकुळतीला आला होता. गाडी गेटवर उभी होती. "मॅडम, पाचच केजीचा तर फरक आहे. एवढ्यानं व्हॉल्व्हला काय होणार?"

"कदाचित काहीच होणार नाही. पण सर्टिफिकेटवर आपण १५७ लिहिलंय."

गाडी रिकामी परत गेली.

यापुढचं काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि ते फारसं कुणी पाहत नाही. दुसरा, तपासलेला गेज लावून बेंच चालू करणं अर्ध्या तासाचं काम होतं. पण सदोष गेज नेमका कोणत्या दिवशी सरकला, हे कुणीच सांगू शकत नव्हतं. म्हणून तो शेवटचा बरोबर ठरला होता, त्या कॅलिब्रेशनच्या तारखेपासून आजपर्यंतचा सगळा काळ संशयित धरला गेला. रजिस्टरात प्रत्येक चाचणीसमोर गेजचा नंबर लिहिलेला असल्यामुळे शोध शक्य झाला. त्या नंबराच्या ओळी काढल्या, त्यांवरून व्हॉल्व्हचे सीरियल नंबर, त्यांवरून चलनं. जे व्हॉल्व्ह स्टोअरमध्ये होते ते पुन्हा बेंचवर आले. जे गेले होते, त्यांच्या ग्राहकांना लेखी कळवायचं ठरलं. ते व्हॉल्व्ह जसेच्या तसे चालतील, की पुन्हा तपासायला हवेत, हा निर्णय बनवणाऱ्यानं एकट्यानं घ्यायचा नसतो.

मग प्रश्न आला, गेज कशामुळे बिघडला? तो पंपाच्या अगदी जवळ बसवला होता. पंपाच्या प्रत्येक ठोक्याला काटा थरथरायचा आणि आतली यंत्रणा झिजत गेली. उपाय साधे होते: धक्के शोषणारा स्नबर, बेंचवर एकाऐवजी दोन गेज, आणि दोघांत फरक दिसला की काम थांबवायचं.

अणुवीज केंद्रात ही शिस्त जीवनमरणाची असते, कारण तिथली सुरक्षेची बरीचशी यंत्रं एरवी स्वस्थ उभी असतात. आणीबाणीचे डिझेल जनरेटर, गाभा थंड ठेवणारे राखीव पंप, दाब सोडणारे व्हॉल्व्ह यांची गरज पडू नये, हीच सगळ्यांची इच्छा. रोज चालणारं यंत्र बिघडलं तर आवाज करतं. उभं असलेलं यंत्र ठीक आहे की नाही, हे फक्त ठरल्या वेळी घेतलेली चाचणीच सांगते.

चाचणीनंतरची आवराआवरही चाचणीचाच भाग असते. अमेरिकेत थ्री माइल आयलंडला २८ मार्च १९७९ रोजी अपघात झाला, तेव्हा राखीव पाण्याच्या वाटेवरचे दोन व्हॉल्व्ह बंद होते. दोन दिवसांपूर्वी त्या यंत्रणेची चाचणी झाली होती. ते बंद असल्याचं कळायला आठ मिनिटं गेली. अपघाताचं मुख्य कारण वेगळं होतं, दाब सोडणारा एक व्हॉल्व्ह उघडाच अडकला होता. पण त्या आठ मिनिटांनी नियंत्रण कक्षाचा गोंधळ वाढवला.

जपानच्या मोंजू अणुभट्टीत तर राहून गेलेल्या तपासण्याच आड आल्या. तिथल्या जवळजवळ दहा हजार उपकरणांच्या तपासण्या वेळेवर झाल्या नसल्याचं २०१२ मध्ये उघड झालं. मे २०१३ मध्ये जपानच्या नियामकानं भट्टी पुन्हा सुरू करण्याची तयारी थांबवायला लावली आणि डिसेंबर २०१६ मध्ये सरकारनं ती कायमची बंद करायचं ठरवलं. ती सगळी उपकरणं बिघडलेली होती असं नाही. पण ज्याची चाचणी झाली नाही, ते चांगलं आहे असं म्हणण्याचा हक्क उरत नाही.

आपल्या महाराष्ट्रात पालघर जिल्ह्यातलं तारापूर केंद्र १९६९ पासून वीज देत आलं आहे. त्या केंद्राचा आणि पुढे येणाऱ्या प्रत्येक केंद्राचा भरवसा मोठ्या घुमटांइतकाच अशा लहान बेंचवरच्या नोंदींवर उभा आहे. म्हणून राहिलेली चाचणी आज उरकली आणि नवं स्टिकर डकवलं, की चूक सुधारली असं मानायला माझी तयारी नाही. मधल्या काळात त्या यंत्रावर कोण विसंबून होतं, हे शोधून त्यांना कळवणं, हीच खरी दुरुस्ती.

आणि ती होते का, हे एका माणसावर ठरतं. "गेज वर दाखवतोय" असं म्हणणाऱ्या तंत्रज्ञाला त्या दिवशी कुणी ओरडलं नाही, गाडी अडकली म्हणून त्याचा ओव्हरटाइम कापला नाही. जिथं असं बोलणाऱ्यालाच दोषी धरतात, तिथं पुढच्या वेळी काटा १५५ वर असला तरी कागदावर १५० च उतरेल. कारखाना चालवणाऱ्या प्रत्येकाला माझं एवढंच सांगणं आहे: चूक सांगायला आलेल्या माणसाला आधी खुर्ची द्या, आणि मग रजिस्टर उघडा.