पाणी गोठते, नळी फुटते
– आमच्या प्रतिनिधीकडून

फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात सोड्याची भरलेली बाटली रात्रभर विसरली की सकाळी काय दृश्य दिसते, हे बहुतेक घरांना ठाऊक आहे. थंड प्रदेशांतील छोट्या कार्यशाळांमध्ये हाच प्रकार दर हिवाळ्यात घडण्याची भीती असते. फरक इतकाच की तेथे बाटलीऐवजी लेसर कटरची काचनळी पणाला लागलेली असते. ती एकदा तडकली की दुरुस्त होत नाही, नवीच आणावी लागते. हाती घेतलेली कामे तोवर खोळंबतात आणि एकट्याने व्यवसाय करणाऱ्याच्या हंगामाचे गणितच कोलमडते.

लग्नपत्रिकेवरील जाळीदार नक्षी, ॲक्रिलिकचे नामफलक, लाकडी मखरांचे सुटे भाग अशी कामे करणारी लेसर यंत्रे आता आपल्याकडील गल्लीबोळांतही दिसतात. यांपैकी स्वस्त आणि सर्वाधिक प्रचारात असलेली यंत्रे कार्बन डायऑक्साइड वायूच्या लेसरवर चालतात. हा लेसर १९६४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सिद्ध करणारे शास्त्रज्ञ चंद्रकुमार नारणभाई पटेल यांचा जन्म १९३८ सालचा, आपल्या बारामतीचा. अभियांत्रिकीची पदवीही त्यांनी पुण्याच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातूनच घेतली. मात्र महाराष्ट्राशी असे नाते असलेल्या या यंत्राचा थंडीशी उभा दावा आहे आणि त्याचे कारण त्याच्या रचनेतच दडलेले आहे.

काचनळी दिसायला एक असली तरी प्रत्यक्षात ती एकात एक बसवलेल्या तीन नळ्यांची असते. सर्वांत आतल्या नळीत कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन आणि हेलियम यांच्या मिश्रणातून हजारो व्होल्ट दाबाची वीज खेळवली जाते आणि त्यातून डोळ्यांना न दिसणारा अवरक्त किरण बाहेर पडतो. तिच्याभोवती पाण्याचे आवरण आणि त्याही बाहेर वायूचा साठा असतो. आत जाणाऱ्या विजेपैकी जेमतेम सातवा-आठवा हिस्सा किरणाच्या रूपाने कामी येतो. उरलेल्या सगळ्याची उष्णता होते. ती वाहून नेण्यासाठी पंप पाणी सतत फिरवत राहतो. हे पाणी साधारण १५ ते २५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहिले तर नळीचे आरोग्य उत्तम राहते.

यंत्र बंद झाले की प्रश्न सुरू होतो. पाणी थंड होताना ४ अंशांपर्यंत आकसते, मग उलटे प्रसरण पावू लागते आणि गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. रबरी किंवा सिलिकॉनची नळी तेवढी ताणून घेते. काच घेत नाही. त्यातही शुद्ध ऊर्ध्वपातित पाण्याची एक खोड आहे. बर्फाच्या स्फटिकाला धरायला कण न सापडल्यामुळे असे पाणी कधी कधी शून्याच्या काही अंश खालीही द्रवरूपच राहते आणि मग अचानक गोठू लागते. त्यामुळे रात्री पाहिले तेव्हा पाणी पातळ होते, हा दिलासा फारसा विश्वासार्ह नाही.

एवढी थंडी आपल्याकडे कुठे, असे कोणी म्हणेल. मुंबई-पुण्यापुरते ते खरेच आहे. पण महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याची बातमी आपण जवळजवळ दर हिवाळ्यात वाचतो, आणि तेव्हा अधिकृत पारा बहुधा शून्याच्या वरच असतो. निरभ्र रात्री जमीन आणि गवत आपली उष्णता थेट आकाशाकडे उत्सर्जित करतात आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतात. पत्र्याचे छप्पर हेच करते. म्हणूनच वेधशाळेचा आकडा वाचून पत्र्याच्या शेडमधल्या यंत्राबाबत निर्धास्त राहणे धोक्याचे ठरते. काश्मीरची गोष्ट तर निराळीच. तेथे ‘चिल्लई कलान’ हा कडाक्याच्या थंडीचा चाळीस दिवसांचा काळ २१ डिसेंबरला सुरू होतो. २०२४ मध्ये नेमक्या त्याच दिवशी श्रीनगरचा पारा उणे ८.५ अंशांपर्यंत घसरला आणि नळातले पाणीही गोठले. अमेरिका, कॅनडा किंवा ब्रिटनमध्ये घरामागच्या गॅरेजमध्ये वा लाकडी शेडमध्ये यंत्र थाटणाऱ्यांना तर हा पेच दरवर्षीचाच.

रिकामी नळी फुटत नाही

सर्वांत जुना, बिनखर्चाचा आणि आमच्या मते सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे काम संपले की पाणी काढून टाकणे. नळीत चार थेंब मागे राहिले तरी त्यांना पसरायला जागा असते, त्यामुळे ते निरुपद्रवी ठरतात. मात्र राहिलेले पाणी घालवण्यासाठी कॉम्प्रेसरची जोरदार हवा सोडण्याचा मोह टाळावा. त्या दाबानेच काच तडकू शकते. हलकी फुंकर किंवा हातपंप पुरेसा होतो. पंप, पाण्याचा प्रवाह ओळखणारा स्विच आणि चिलरच्या आतली वेटोळी यांचाही विसर पडता कामा नये. चिलरच्या मागे किंवा खाली पाणी सोडण्याचे बूच असते, ते उघडावे.

या उपायाचा त्रास दुसऱ्या दिवशी जाणवतो. पाणी पुन्हा भरताना हवेचे बुडबुडे अडकतात आणि बुडबुडा जेथे बसेल तेथे काच तापते. म्हणून पाणी बाहेर पडण्याचे तोंड वरच्या बाजूला येईल अशा बेताने नळी फिरवून बसवतात आणि सगळे बुडबुडे निघून गेल्याशिवाय किरण सुरू करीत नाहीत. रोजच्या रोज यंत्र चालवणाऱ्याला हे कंटाळवाणे वाटणार, यात शंका नाही.

मग तो ऊब देण्याच्या मार्गाकडे वळतो. माशांच्या टाकीत वापरतात तो, तापमान स्वतः राखणारा शंभरेक वॅटचा हीटर पाण्याच्या बादलीत ठेवायचा, पंप रात्रभर चालू ठेवायचा आणि बादलीभोवती थर्माकोलचे वेष्टण करायचे. हिशेबाला हे स्वस्त पडते. २० लिटर पाणी १५ अंशांवरून शून्यावर येण्यासाठी त्यातून विजेच्या सुमारे एक तृतीयांश युनिटइतकी उष्णता बाहेर जावी लागते; म्हणजे झाकलेली बादली बराच वेळ तग धरते. पण हा हिशेब बादलीचा आहे, नळीचा नव्हे. पंप थांबला की नळीतला पाण्याचा पातळ थर बादलीतल्या उबेपासून तुटतो आणि कितीतरी आधी गोठतो. बादलीत पाणी खुशाल हलत असेल आणि वर नळी फुटलेली असेल!

पंप थांबतो तो बहुधा वीज गेल्यामुळे, आणि वीज नेमकी कडाक्याच्या थंडीतच जाते. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यात हिमवादळ आले तेव्हा लाखो घरांची वीज गेली, अनेकांची तर कित्येक दिवस आली नाही. ह्यूस्टन आणि डलास परिसरात मराठी कुटुंबांचीही चांगली वस्ती आहे. एरवी उबदार असणाऱ्या या प्रदेशात घराघरांतले पाण्याचे नळ फुटले. अशा रात्री विजेवर चालणारी कोणतीही ऊब कुचकामी ठरते. काश्मीरच्या हिवाळ्यातही भारनियमन नवे नाही.

गोड विष

यामुळेच अनेक जण गोठणरोधक द्रव मिसळतात. मोटारीच्या रेडिएटरमध्ये घालतात तोच हा प्रकार. इथिलीन ग्लायकॉल आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल ही त्यातली दोन मुख्य रसायने. आकारमानाने ३० टक्के इथिलीन ग्लायकॉल मिसळले तर पाणी सुमारे उणे १४ ते १५ अंशांपर्यंत गोठत नाही. प्रॉपिलीनचे मिश्रण साधारण उणे १२ ते १३ अंशांपर्यंत टिकते. श्रीनगरच्या थंडीला हे पुरेसे आहे. द्रासमध्ये पारा उणे २० च्याही खाली जातो, तेथे मात्र पाणी काढून टाकण्यावाचून गत्यंतर नाही.

जितके जास्त घालावे तितके चांगले, हा समज येथे खोटा ठरतो. निव्वळ इथिलीन ग्लायकॉल स्वतःच उणे १३ अंशांच्या आसपास गोठते. पाणी आणि ग्लायकॉल एकमेकांच्या स्फटिकांची घडी बसू देत नाहीत, ही किमया मिश्रणाची आहे. शिवाय प्रमाण वाढले की द्रव दाट होतो, पंपावर भार येतो आणि उष्णता वाहून नेण्याची ताकद घटते. म्हणूनच ३० टक्क्यांच्या आसपास थांबणे शहाणपणाचे आणि थंडी ओसरताच मिश्रण काढून पुन्हा शुद्ध पाणी भरणे उत्तम.

मोटारीसाठी तयार मिळणारा रंगीत कूलंट सरसकट वापरू नये, याचेही कारण आहे. त्यात गंज रोखणारे क्षार असतात, आणि क्षार विसरले की पाणी वीज वाहू लागते. हजारो व्होल्टच्या शेजारी असे पाणी फिरणे म्हणजे किरणाची शक्ती कमी होणे, ठिणग्या उडणे, प्रसंगी बादलीत हात घालणाऱ्याला झटका बसणे. मिठाचे पाणीही याच कारणाने बाद. अल्कोहोल पाण्याला गोठू देत नाही हे खरे, पण ज्या यंत्रात लाकूड जाळत कापले जाते त्याच्या शेजारी ज्वालाग्राही द्रवाची बादली ठेवण्याचे धाडस कोणी करू नये.

घरातल्या कार्यशाळेत आणखी एक धोका संभवतो. इथिलीन ग्लायकॉल विषारी असून चवीला गोड असते. मुले आणि पाळीव प्राणी त्याला फसतात, आणि त्याचा घाला मूत्रपिंडावर पडतो. मुंबईकरांना या रसायनाच्या भाऊबंदाचा अनुभव आहे. १९८६ मध्ये जे. जे. रुग्णालयात डायइथिलीन ग्लायकॉल मिसळलेले ग्लिसरॉल दिले गेल्याने १४ रुग्ण दगावले होते आणि त्याची चौकशी न्या. लेंटिन आयोगाने केली होती. घरात मूल किंवा कुत्रे-मांजर असेल तर थोडी कमी कार्यक्षमता पत्करून प्रॉपिलीन ग्लायकॉलच घ्यावे. त्याचा वापर खाद्यपदार्थांतही होतो.

इतके करूनही एखाद्या सकाळी नळीत बर्फ दिसलाच, तर यंत्र सुरू करू नये आणि गरम पाणी तर मुळीच ओतू नये. अचानक बसणारी ऊबही काचेला थंडीइतकीच घातक असते. खोली हळूहळू तापवून काही तास थांबावे, बर्फ पूर्ण वितळल्यावर तडे तपासावेत, पंप लावून परतीच्या नळीतून धार नीट पडते का ते डोळ्यांनी पाहावे. पाणी १५ अंशांच्या जवळ आल्यावरच किरण सुरू करावा. प्रवाह थांबला तर वीज तोडणारा स्विच स्वस्त यंत्रांत अनेकदा नसतो; तो बसवून घेणे नव्या नळीच्या तुलनेत किरकोळ खर्चाचे काम आहे.

मुंबई आणि कोकणात अडचण नेमकी उलटी. पावसाळ्यात हवा ३० अंशांची आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर २६ अंशांच्या आसपासच दव धरते. चिलरने पाणी २० अंशांवर आणले की नळीच्या बाहेरून पाणी सुटते, आरसे धुरकटतात आणि विजेच्या जोडांपाशी ठिणगी पडण्याची भीती निर्माण होते. येथे वातानुकूलनाने खोलीतील दमटपणा घटवणे हाच उपाय.

पुण्या-मुंबईहून जानेवारीत उत्तरेकडे यंत्र रवाना करणाऱ्यांनी मात्र गोठण्याचा विचार ट्रक निघण्यापूर्वीच करायला हवा. चिलर आणि नळी पूर्ण रिकामी करून, बुचे उघडी ठेवूनच पेटी बंद करावी. चाचणीच्या वेळी भरलेले पाणी विसरून तसेच राहिले, तर शिमल्याच्या वाटेवरची एक रात्र पुरते.