खर्जातली साथ

मैफलीत तंबोरा मागे बसतो, म्हणून त्याच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. पण तो थांबला की गवयाच्या पायाखालची वाळू सरकते. पाश्चात्य गाण्यात आधाराचे हे काम बेस गिटार करते. चार जाड तारांचे हे वाद्य नेहमीच्या गिटारपेक्षा एक सप्तक खाली बोलते. तंबोऱ्याहून त्याचे काम थोडे अधिकच, कारण सुराबरोबर लयही त्यालाच सांभाळावी लागते.

या वाद्यावर ज्यांनी संसार चालवला, अशा एका बाईंची हकीकत मी वर्गात मुलांना आवर्जून सांगतो. कॅरोल के यांचा जन्म १९३५ सालचा, अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यातला. घरची गरिबी; त्यामुळे चौदाव्या वर्षीच त्या गिटारच्या शिकवण्या करू लागल्या. पुढे लॉस एंजेलिसमध्ये दिवसा टंकलेखन आणि रात्री क्लबात जॅझ, असा क्रम चालला. जॅझवर जीव होता. पण आईचा आणि मुलांचा भार शिरावर होता. १९५७ साली ध्वनिमुद्रणाची कामे मिळू लागली, तेव्हा त्यांनी तो मार्ग धरला.

१९६३ साली कॅपिटॉल कंपनीच्या एका ध्वनिमुद्रणाला बेसवाला आलाच नाही. ते वाद्य कॅरोलबाईंनी उचलले, आणि पुढे तीच त्यांची ओळख झाली. बीच बॉइजच्या १९६६ मधील ‘पेट साउंड्स’वर त्यांचा बेस आहे. सुमारे १०,००० ध्वनिमुद्रणांत त्या वाजवल्या असाव्यात, असा अंदाज सांगतात. मात्र तेव्हा तबकडीच्या वेष्टनावर साथीदारांची नावे बहुधा छापत नसत. गाणे घरोघर पोचे; वाजवणारे हात कोणाचे, हे ठाऊक नसे.

१९६९ पासून त्यांनी बेसवादनाची पुस्तकेही लिहिली. नवशिक्यांना त्यांचे सांगणे साधे आहे. नोटेशन वाचता आले पाहिजे, कारण स्टुडिओत कागद समोर येतो आणि लगेच वाजवायचे असते. नुसत्या सरगमी घोटू नयेत. स्वरसंघातले, म्हणजे कॉर्डचे, सूर आधी बोटांत बसवावेत. मेट्रोनोमचा ठोका चारांपैकी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर धरावा. उरलेल्या दोन मात्रा आपल्या आपण सांभाळाव्यात. लय अंगात मुरते ती अशी.

२०२५ साली ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ने त्यांची निवड केली, तेव्हा त्यांनी तो मान नाकारला. स्टुडिओतल्या वादकांच्या कामाचे खरे स्वरूप त्यातून दिसत नाही, असे त्यांचे म्हणणे.

वाचकहो, आपल्या घरातही एखादे मूल गिटार मागत असेल, आणि “यातून पोट भरेल का?” असा प्रश्न आपल्या ओठांवर येत असेल. प्रश्न रास्तच आहे. कॅरोलबाईंचे पोट भरले, मुलेही वाढली. पण त्यामागे शिकवण्या होत्या, वाचन होते आणि रोजचा रियाज होता. मुलाला गिटार जरूर द्या. सोबत नोटेशनचे पुस्तक आणि मेट्रोनोमही द्या.