घरकुलाचा हिशेब

सरकारी तिजोरीतील पैसा योग्य रीतीने खर्च झाला की नाही, हे पाहण्याची व्यवस्था आपल्या राज्यघटनेने १४८ ते १५१ या कलमांत केली आहे. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक हिशेब तपासतात. केंद्र सरकारविषयीचा त्यांचा अहवाल राष्ट्रपतींमार्फत संसदेपुढे येतो. मग लोकलेखा समिती त्यावरून अधिकाऱ्यांना जाब विचारते. या समितीत लोकसभेचे १५ व राज्यसभेचे ७ सभासद असतात, आणि १९६७ पासून तिचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात आहे. खर्च करणाऱ्याने आपला हिशेब आपणच तपासू नये, हे त्यामागील साधे तत्त्व.

परंतु बेरीज जुळली म्हणजे न्याय झाला, असे होते काय? घरकुलांचेच उदाहरण घेऊ. इंदिरा आवास योजना १९८५ साली सुरू झाली. २०१६ साली तिची जागा ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजनेने घेतली. तीत घरामागे सपाट प्रदेशात १,२०,००० व डोंगराळ भागात १,३०,००० रुपये मदत ठरली. आता समजा, रक्कम वहीत नोंदली आहे आणि घरही उभे आहे. पण ते मिळाले आधीच पक्के घर असलेल्या माणसाला. मग रुपयाचा हिशेब लागला, गरजू मात्र उघड्यावरच राहिला. म्हणून महालेखापरीक्षक योजनेच्या फलिताचीही तपासणी करतात. इंदिरा आवास योजनेवरील त्यांच्या २०१४ च्या अहवालात अपात्र लोकांना मदत मिळाल्याची प्रकरणे नोंदलेली आहेत.

मात्र या तपासणीलाही मर्यादा आहे. ती खर्चानंतर होते, आणि महालेखापरीक्षकांना शिक्षा करण्याचा अधिकार नाही. अहवाल येईपर्यंत ज्याचे नाव वगळले गेले, तो कुडाच्या भिंतीआड आणखी काही पावसाळे काढतो. यास्तव नव्या योजनेत २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीतील नावे ग्रामसभेपुढे ठेवून पडताळावीत, असा नियम केला गेला. कोणाचे घर गळते, हे गावाइतके कोणाला ठाऊक? अर्थात सभेत बोलण्याचे धाडस सर्वांना सारखे नसते. म्हणून गरीबाच्या बाजूने बोलणारे कोणी तिथे हजर असावे लागते.

शहरात तर ग्रामसभाही नाही. घटनेने वॉर्ड समित्या सक्तीच्या केल्या, त्या ३ लाख वा अधिक लोकसंख्येच्या शहरांपुरत्याच. लहान गावच्या नागरिकाच्या हाती माहितीचा अधिकार मात्र आहे. तो कायदा २००५ साली झाला. घरकुलांची यादी मागावी, ती वस्तीत वाचून दाखवावी, आणि तीत कोण आहे याबरोबरच कोण नाही, हेही विचारावे. महालेखापरीक्षकांचा अहवाल येण्याआधी एवढे काम आपल्याला करता येण्याजोगे आहे.