घर घेऊन मैत्रिणीच्या दारी

पाहुणी म्हणून कुणाकडे जायचे म्हटले की आपल्या बायकांच्या मनात आधी काय येते? जिच्याकडे जायचे, तिच्यावर पडणारे काम! चौघांच्या अंघोळी, अंथरुणे, दोन वेळचा स्वयंपाक. मग "पुढच्या सुट्टीत बघू" म्हणत गाठीभेटी राहूनच जातात.

माझी एक कॉलेजातली मैत्रीण गुहागरला दिलेली. तिच्या सासूबाई चार वर्षे अंथरुणाला खिळलेल्या. तिला घर सोडवत नाही, आणि पोराबाळांसह तिच्याकडे उतरणे माझ्या जिवावर येई. शेवटी गेल्या नाताळच्या सुट्टीत आम्ही तोडगा काढला. घरच बरोबर घेऊन जायचे! म्हणजे कॅरॅव्हॅन. झोपायला बाकडी, इवलासा ओटा, छोटा फ्रिज आणि संडास, सगळे एका गाडीत. राज्य सरकारने २०२१ साली अशा गाड्यांसाठी पर्यटन धोरणही आणले आहे.

आम्हा हिंगणेकरांना समुद्र म्हणजे दूरचा मुलूख. पण समृद्धी महामार्ग आमच्याच तालुक्यातल्या शिवमडक्यापासून निघतो आणि ७०१ किलोमीटरवर ठाणे जिल्ह्यातल्या आमण्याला पोचतो. त्याचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. आम्ही आपली गाडी ठाण्याला नणंदेच्या दारात ठेवली आणि तिथून ड्रायव्हरसकट फिरते घर भाड्याने घेतले. अलिबागला दुसरी मैत्रीण चढली, आणि आम्ही सागरी महामार्गाला लागलो.

रेवस ते रेडी असा हा रस्ता सांगतात. पण खाड्यांवरचे सगळे पूल अजून झालेले नाहीत. तिथे गाडीसकट फेरीबोटीत चढायचे. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेशवी आणि दाभोळ ते धोपावे, अशा तीन खाड्या आम्ही ओलांडल्या. मुलांना याचीच मजा जास्त! फेरीच्या वेळा आदल्या दिवशी विचाराव्यात आणि गाडीची लांबी-उंचीही आधी सांगावी.

आता खरे सांगते. पहिल्या रात्री हरिहरेश्वरला मुक्काम होता. ही सगळी मंडळी सूर्यास्त बघायला गेली, आणि मी? मी पोळ्या लाटत होते! पाटाएवढ्या खिडकीतून जेवढा दिसला तेवढा समुद्र पाहिला. नागपूर जिल्ह्यातून इतक्या लांब येऊनही माझा ओटा माझ्यामागे आलाच होता. त्या रात्री मी जरा चिडलेच. "घर सोबत आणलंय, तर घरातली कामंही वाटून घ्या," म्हटले. सकाळपासून चहा ह्यांच्याकडे, पाणी भरणे मुलाकडे, झाडलोट मुलीकडे, भांडी पाळीपाळीने. म्हणून पहिला सल्ला हाच, की कामांची वाटणी निघण्यापूर्वी करा. नाहीतर गाडी कितीही छान असो, तुमची सुट्टी व्हायची नाही.

बाकीच्या गोष्टीही ध्यानात ठेवा. भाडे ठरवताना रोजचे किलोमीटर, डिझेल आणि ड्रायव्हरचा भत्ता लेखी घ्या. पाणी जपून वापरा. बादलीभर अंघोळीला पंधरा-वीस लिटर लागतात, म्हणजे शंभर लिटरची टाकी पाच-सहा अंघोळींतच रिकामी! आम्ही अंघोळी मुक्कामाच्या ठिकाणी पैसे देऊन उरकल्या. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. म्हणून नुसती खिडकी नव्हे, दारही उघडे ठेवून शेगडी पेटवा. चालत्या गाडीत आणि फेरीबोटीत सिलिंडर बंदच हवा. गाडी वाळूत मात्र मुळीच उतरवू देऊ नका. चाके रुततात आणि भरतीचे पाणी थांबत नाही. डब्यांची झाकणे घट्ट हवीत. पहिल्याच घाटात माझी हळद सांडली, ती शेवटपर्यंत बाकड्याच्या फटीत होती!

तिसऱ्या दिवशी दुपारी गुहागरला पोचलो. गाडी तिच्या अंगणाच्या कडेला, माडाखाली लावली. ती पदराला हात पुशीत धावत आली आणि सवयीने म्हणाली, "बसा गं, चहा टाकते." मी म्हटले, "आज तूच आमच्याकडे आलीस. चढ वर." अलिबागच्या मैत्रिणीने तिच्या सासूबाईंजवळ बसायचे कबूल केले. आत ह्यांनी आल्याचा चहा केला, जरा गोडच झाला. मी नागपूरहून नेलेली संत्र्याची बर्फी काढली.

ती कप दोन्ही हातांत धरून नुसती बसून राहिली. मग हळूच म्हणाली, "कुणीतरी करून दिलेला चहा कधी प्यायले होते, आठवतच नाही गं."

मला काही बोलवेना. दोन दिवस राहिलो. आम्ही दोघी आळीपाळीने सासूबाईंजवळ थांबलो आणि तिला रोज संध्याकाळी समुद्रावर पाठवली, एकदा तर एकटीलाच. घरापासून समुद्र पाच मिनिटांवर. पण वर्षभरात ती तिकडे गेली नव्हती.

फिरते घर प्रत्येकीला परवडेलच असे नाही. पण तुमचीही अशी एखादी मैत्रीण असेलच ना, जिला घर सोडता येत नाही? तिच्याकडे साध्या एस.टी.ने जा, डबा बरोबर न्या, आणि गेल्यावर चहा मात्र तुम्हीच टाका.